दांडेली-भीमगडच्या रानात सफारीला जाताना: कोणती जनावरं बघायची, कशी ओळखायची?

रानजाई (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, नमस्कार.

आज दुपारीच दांडेलीहून परत आले. बुटांचा चिखल अजून धुतलेला नाही, तोवर हा धागा काढतेय, कारण सकाळपासून एक गोष्ट मनात सलतेय.

पावसाळ्याची बंदी उठून सफारी नुकतीच सुरू झालीय. सव्वासहाला फणसोलीच्या गेटमधून आमची जीप आत गेली. आम्ही दोघं, आमचा मुलगा आणि हुबळीकडचं एक कुटुंब. अडीच तासांत अकरा गव्यांचा कळप दिसला, दोन शेकरू, धनेशाची जोडी, एक भेकर, चितळं तर कितीतरी, आणि रस्त्याकडेला अस्वलानं रात्री उकरलेलं वारूळ, माती अजून ओली. गेटवर उतरल्यावर ते गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही हो, काहीच दिसलं नाही." त्यांची लहान मुलगी शेजारीच उभी होती. मघाशी शेकरू बघून तिनं टाळ्या पिटल्या होत्या. बाबांचं ऐकून तीही गप्प झाली.

त्यांना दोष देत नाही. वाघाचे फोटो बघून आपण निघतो, आणि कुणी सांगितलेलंच नसतं की आपल्या भागातलं रान वेगळं आहे. ताडोबाचं रान कोरडं, पानगळीचं. उन्हाळ्यात पाणी मोजक्या तलावांत उरतं, जनावराला तिथे यावंच लागतं, म्हणून तिथे वाघ दिसतो. काळीचं, म्हणजे आपल्या दांडेली-अणशीचं, रान ओलं, अणशीकडे तर सदाहरित. ओढ्याओढ्याला पाणी असल्यावर जनावर ठरावीक पाणवठ्यावर येईल कशाला? शिवाय रस्त्यापासून दहा पावलांवर कारवी नाहीतर वेत, नजर आत शिरतच नाही. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झालं, १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५ मध्ये नदीवरून काळी हे नाव मिळालं. वाघ तिथे आहेच. पण एका फेरीत तो दिसावा असा हट्ट धरून गेलं तर सकाळ वाया गेल्यासारखी वाटणार. म्हणून काय बघायचं ते मला माहीत आहे तेवढं लिहिते. पुढे तुम्ही भर घाला.

पहिला मान गव्याचा. आज कळप रस्ता ओलांडत होता, सगळ्यात मागे एक मोठा नर. तो मधोमध थांबला आणि आमच्याकडे वळला. पंधरा-वीस पावलांचं अंतर. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा, अंग तेल चोपडल्यासारखं काळंभोर, कपाळाचा फुगवटा राखाडी, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे. कानात माश्या बसल्या होत्या. कान हलला की उठायच्या, परत बसायच्या. त्यानं नाकातून एकदाच जोरात फुस्स केलं, तसा माझ्या मुलानं माझा हात घट्ट धरला. बरेच लोक त्याला रानम्हैस म्हणतात, पण तो गाईच्या कुळातला. जगातल्या रानगुरांत सगळ्यात थोराड. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. जीपमधल्या गाईडनं इंजिन बंद करून आम्हाला गप्प बसवलं ते योग्यच केलं. कळपातली जनावरं सहसा वाट सोडून देतात, एकटा म्हातारा नर मात्र अडून बसतो, त्याच्यापासून अंतर ठेवावं.

मग शेकरू. त्यासाठी मान वर करावी लागते, आणि लोक इथेच चुकतात. सगळी जीप जमिनीवर नजर लावून बसते. वर फांद्या एकमेकींत शिरतात तिथे बघा. पानाकाटक्यांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. एक शेकरू अशी पाच-सहा घरटी बांधतं. वरून तपकिरी-तांबूस, पोट पिवळसर, शेपूट अंगाहून लांब. ते जमिनीवर फारसं उतरत नाही, वीस-वीस फुटांची उडी मारून झाडावरून झाडावर जातं. म्हणून मधली झाडं तोडली की त्याची वाटच मोडते.

धनेश ऐकू आधी येतो आणि दिसतो नंतर. मोठा धनेश डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज जुन्या आगगाडीच्या वाफेसारखा, हुश्श-हुश्श. दांडेलीत धनेशाच्या चार जाती आहेत: मोठा धनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी आणि साधा राखी. फळलेला वड, पिंपळ, उंबर दिसला की थांबा. दांडेलीतल्या लाकडाच्या डेपोच्या आवारातसुद्धा कवड्या धनेश येतात, तिथे सफारीची गरजच नाही. थंडीत काजऱ्याची नारिंगी फळं धरतात. काजऱ्याचं बी जहरी, पण धनेश गर खातो आणि बी टाकून देतो. जानेवारीपासून पुढे मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बारीक फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. त्या दिवसांत ढोलीखाली घोळका करून उभं राहू नये. नर बिचकला की फेरी टाळतो आणि आत मादी उपाशी राहते.

अस्वल, कोळसुंदे, बिबट्या, भेकर यांच्याबद्दल उद्या लिहिते. डोळे मिटायला लागलेत.


गुरुजी_नंदगड

रानजाई बाई, धागा काढलात, बरं वाटलं. आधी शब्दाचं बोलतो. आमच्या खेड्यांत "जनावर दिसलं" म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा पायाखाली बघतो, कारण जनावर म्हणजे साप. आणि "वाघ आला होता" म्हटलं तर दहातल्या नऊ वेळा तो बिबट्या असतो. पट्ट्याच्या वाघाला ढाण्या म्हणतात. शहरातून येणारी मुलं हे ऐकून गोंधळतात, मग गावात वाघ आला अशी बातमी पसरते. सफारीला गेल्यावर गाईडला विचारून घ्यावं, ढाण्या की बिबट्या. कानडी गाईड असला तर हुली म्हणजे वाघ, चिरते म्हणजे बिबट्या, करडी म्हणजे अस्वल, आने म्हणजे हत्ती. एवढे चार शब्द मुलांना पाठ करून न्या. जोयडा-हल्याळकडचे बरेच गाईड मराठी-कोकणी-कानडी तिन्ही बोलतात. सिद्दी समाजातली मुलं तर रानातच वाढलेली. पुस्तकात नसलेलं ते सांगतात.

आता आपल्या खानापूर तालुक्याचं. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. म्हादई तिथेच देगावच्या रानात उगम पावते आणि गोव्यात जाते. या रानात एक प्राणी असा आहे की त्यासाठी भीमगडचं नाव जगभर घेतलं जातं, पण तो जीपमधून दिसत नाही. बारापेडेच्या गुहेतलं वटवाघूळ. रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याच्या नावावरून त्याला नाव पडलं आणि १९१३ मध्ये थॉमस नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं त्याची नोंद केली. कान एवढे मोठे की चेहऱ्यावर ओढलेली टोपी वाटावी. कित्येक वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. ते बघायचा आग्रह कुणी धरू नये, ही हात जोडून विनंती. गुहेत बॅटरीचा उजेड आणि माणसांचा गलका झाला की वटवाघळं जागा सोडतात. खानापूरहून हेमाडग्यावरून अनमोडला जाताना आपण त्या रानातून जातो, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरे.


निपाणीचा_पाहुणा

मी गेल्या ऑगस्टमध्ये केनियाला मसाई माराला जाऊन आलो, म्हणून लिहितो. तिथे सफारी म्हणजे मोकळं गवत. दीड-दोन किलोमीटरवरचा सिंह नुसत्या डोळ्यांनी टिपक्यासारखा दिसतो. जुलै ते ऑक्टोबर गवताच्या मागे लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे तिथे उतरतात. मारा नदीच्या काठावर आम्ही तीन तास बसलो होतो. पलीकडे हजारो विल्डबीस्ट. पुढचा एक पाण्यात पाय घालायचा, मागे सरायचा. शेवटी सगळे वळले आणि निघून गेले. आमच्या गाडीतलं कुणी हळहळलं नाही, कारण गाईडनं आधीच सांगून ठेवलं होतं की नदी ओलांडायची की नाही ते जनावर ठरवतं.

"बिग फाइव्ह" म्हणतात ते सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. हा शब्द शिकाऱ्यांचा. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि जिवावर बेतणारी ती ही पाच. बघायला सगळ्यात सुंदर असा त्याचा अर्थ नव्हे. आपण तो शब्द उचलला आणि पर्यटनाची यादी केली. माझ्या बरोबरचे दोघे जण तिथे वाघ विचारत होते. आफ्रिकेत वाघ नाही. तिथल्या रानात अस्वलही नाही. आणि आपला गवा तिथल्या रानम्हशीपेक्षा वजनाला भारी. बेळगावपासून शंभर किलोमीटरच्या आत हत्ती, बिबट्या, अस्वल, गवा आणि ढाण्या, हे मला परदेशात जाऊन आल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं.


जांबोटीकर

सगळ्यांचं वाचलो. चांगलं लिहिलाय. खरं माझं पण थोडं ऐकून घ्या.

तुम्ही गवा बघायला पैसे भरून जाताय. आमच्याकडं गवा फुकट येतोय, भात पोटरीत आलं की. परवा रात्री बारा-चौदा जनावरं होती. माळ्यावर आम्ही दोघं भाऊ, डबं बडवलो, बॅटरी मारलो. पुढचा नर डोळं दिपलं तरी हलला न्हाई. खाऊन गेले त्याचं एवढं न्हाई, तुडवून गेले त्याचं जास्त. सकाळी बांधावर उभारलो तर पाऊण एकर आडवं. भरपाईचा अर्ज दिल्याला दोन हंगाम झालं. हत्ती आला की मग तर बोलायलाच नको, केळीचं एक झाड ठेवत न्हाई.

मी जनावराच्या वाईटावर न्हाई. आमच्या आज्ज्यापासून हे चालत आलंय. गवा आला की आज्जा म्हणायचा, "त्याचं रान आपण कसतोय." खरं आज्ज्याला मुलाची फी भरायची नव्हती. तुम्ही सफारीला गेलात की तिथल्या गावात जेवा, तिथल्या पोराला गाईड म्हणून घ्या. चार पैसे गावात ऱ्हायले तर पोरं रानाकडं वेगळ्या नजरेनं बघतील.


रानजाई

जांबोटीकर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी त्या नराचं वर्णन एवढं कौतुकानं लिहिलं, आणि त्याच्याच भाऊबंदांनी तुमचं पाऊण एकर आडवं केलं. दोन्ही खरं आहे. लेखात तुमची बाजू मी घातली नव्हती, ती चूक झाली. आम्ही या वेळी जोयड्याजवळ एका कुणबी घरी जेवलो. कणगं (कंद) उकडून दिली होती, सोबत मिरचीचा ठेचा. पुढच्या वेळी राहायलाही तिथेच.

म्हादई अभयारण्यात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२० मध्ये चोर्ल्याच्या पलीकडे, गोव्यातल्या गोळावलीजवळ, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले. वाघानं गुरं मारली होती. भरपाई वेळेवर हातात पडणं आणि वाघ जिवंत राहणं या दोन गोष्टी एकाच दोरीला बांधल्यात असं मला तेव्हापासून वाटतं. तुमच्या अर्जाचा कागद तयार करायला, पाठपुरावा करायला मदत लागली तर निरोप टाका. माझ्या नवऱ्याला त्या कामाची सवय आहे.

आता राहिलेलं.

भेकर म्हणजे बकरीएवढं तांबूस हरीण, पण आवाज कुत्र्याचा. रानात कुठेतरी कुत्रं भुंकतंय असं वाटलं आणि ते मिनिटा-मिनिटाला एकेकदाच भुंकत राहिलं, तर ते भेकर आणि त्यानं काहीतरी पाहिलंय. सांबर एकदाच खणखणीत "ढँक" करतं. ते सहसा खोटं बोलत नाही. वानर झाडावरून खोकल्यासारखं खर्र-खक करतं. चितळ उगाचही घाबरतं, त्याच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. हे आवाज आले की जीप बंद करून पाच मिनिटं थांबायला सांगा. आमच्या मागच्या वर्षीच्या चालकानं नेमकं उलटं केलं. आवाज आला तसा तिकडे गाडी पिटाळली, मागून आणखी दोन गाड्या. धूळ तेवढी बघायला मिळाली.

कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. तांबडे, शेपटीचा झुपका काळा, आणि भुंकण्याऐवजी शीळ घालतात. आठ-दहाचा कळप. दिवसा शिकार करतात म्हणून दिसायची शक्यता वाघापेक्षा बरीच जास्त, आणि जगात त्यांची संख्या आता फार थोडी उरलीय. त्यांना बघून "कुत्री तर आहेत" म्हणून मान फिरवणारे लोक मी पाहिलेत.

काळा बिबट्या वेगळी जात नाही. साधाच बिबट्या, रंग काळा. ऊन नीट पडलं तर काळ्यावर काळे ठिपके उमटून दिसतात. ओल्या, अंधाऱ्या रानात असे बिबटे जास्त, म्हणून काळीत त्यांचं नाव आहे.

अस्वलाची खूण वारुळाला. एखाद्यानं पहारीनं खणल्यासारखं भोक, बाजूला नखांचे तीन-चार ओरखडे. वाळवी ओढून घ्यायला ते तोंड आत घालून हवा शोषतं. तो आवाज रात्री लांबवर ऐकू येतो. माणसाला या जनावराकडून बरीच इजा होते, कारण त्याची नजर अधू, आपण जवळ गेल्यावर ते दचकतं आणि अंगावर येतं. पायी फिरताना बोलत चालावं.


कॅमेरावाला

काळा बिबट्या नक्की कुठल्या रस्त्यावर दिसतो? कुणी अलीकडे बघितला असेल तर जागा आणि वेळ इथे टाका ना. मोठी लेन्स घेतलीय, दोन दिवसांची सुट्टी आहे.


गुरुजी_नंदगड

बाळ, राग मानू नकोस, पण जागा इथे टाकायची नाही. तुझ्यासारखे चांगल्या मनानं येणारे वाचतात, तसे इतरही वाचतात. फोटो टाकतानासुद्धा त्यात जागेची नोंद राहिलेली नाही ना ते बघ. दोन दिवस आहेत तर एक सकाळ धनेशासाठी ठेव. गणेशगुडीजवळ पाण्याच्या छोट्या कुंड्या ठेवल्यात, तिथे पक्षी अंघोळीला येतात. शांत बसलास तर तुझी लेन्स कारणी लागेल.


चंदगडी

हत्तीचं मी सांगतो. आमच्याकडे हत्ती नव्हतेच. साधारण २००२ पासून दांडेलीकडून खानापूरमार्गे ते चंदगड आणि पुढे दोडामार्ग-तिलारीत उतरले, आणि राहिले. ऊस, केळी, माड, पाणी, सगळं आयतं. तेव्हा चंदगड-तिलारीकडे फिरायला येणाऱ्यांनी रस्त्यात लीद दिसली आणि ती ताजी असली तर गाडीतून उतरू नये. पिवळसर, तंतू-तंतूची, फुटबॉलएवढे गोळे. हत्ती रस्त्यात असेल तर हॉर्न नको, प्रखर दिवा नको, गाडी मागे घ्या आणि वाट बघा.

गुरुजींनी शब्दांचं लिहिलंय, त्यात भर. माझ्या मामाच्या गावी धनेशाला गरुड म्हणतात. लहानपणी मला खरा गरुड तोच वाटायचा.

आणि हे सगळं रान सलग आहे, ही खरी गंमत. काळी, भीमगड, म्हादई, तिलारी, राधानगरी, चांदोली. तिकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये फोटो निघालेला एक वाघ २०२० मध्ये काळीत सापडला. दोनशे किलोमीटरच्या वर चाल. वाटेत किती रस्ते, किती गावं, किती उसाचे फड त्यानं रात्रीत ओलांडले असतील. आणि कुणाच्या दारातली कोंबडीही हलली नाही.


कृष्णाकाठ (चिक्कोडी)

सगळे घाटाकडचंच लिहितायत. पूर्वेकडे पण बघा की. गोकाकजवळ धुपदाळचा बंधारा, घटप्रभा पक्षी अभयारण्य. थंडीत कांड्या करकोचे येतात, मध्य आशियातून हिमालय ओलांडून. हरभऱ्याच्या शेतात उतरले की लांबून राखाडी मेंढरं चरल्यासारखी वाटतात. बागलकोट जिल्ह्यात बिळगी तालुक्यात यडहळ्ळीला चिंकाऱ्याचं अभयारण्य आहे. चिंकारा म्हणजे लहान हरीण, मादीलाही शिंगं, काळवीट नव्हे. आणि आमच्या कृष्णेत मगरी आहेत. ऊन खायला गाळावर पडलेली मगर ओंडक्यासारखी दिसते. कपडे धुवायला, म्हशी धुवायला जाताना आधी काठ बघायची सवय आम्हाला आहे, पाहुण्यांना नसते. दांडेलीतही काळी नदीत मगरी आहेत. पोहायला उतरू नका.


मधुरा_शहापूर

रानजाई ताई, धागा पहिल्यापासून वाचतोय. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचा विचार आहे, एक आठ वर्षांची, एक अकरा वर्षांचा. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढ्या लहान मुलांना काही दिसत नाही, कंटाळतात. २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला होता तेव्हा शाळा बंद होत्या, तेव्हापासून धाकटी बिबट्या म्हटलं की घाबरते. न्यावं का? आणि गोचिडीचं, ती चावून होणाऱ्या माकडतापाचं ऐकून आहे.


रानजाई

मधुरा, नक्की ने. त्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतही संध्याकाळी कुणी बाहेर पडत नव्हतं, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणले होते शोधायला. मुलांनी तेव्हा नुसती भीती ऐकली. रानात नेऊन त्याचं घर दाखवलंस तर भीतीला दुसरं काहीतरी जोडलं जाईल.

सकाळची फेरी घे. लहान मुलांना पुढच्या बाजूला, कडेला बसव. प्रत्येकाच्या हातात वही-पेन्सिल दे, आणि बघायच्या गोष्टींत जनावरांबरोबर खुणाही घाल: ठसा, विष्ठा, ओरखडा, घरटं, पीस. ठसा ओळखायची सोपी रीत सांगते. मांजराच्या कुळातलं जनावर नखं आत घेऊन चालतं, ठशात नखं उमटत नाहीत. कोळसुंद्याच्या ठशात उमटतात. बिबट्याचा ठसा माझ्या मुठीखाली झाकतो, मोठ्या वाघाचा झाकत नाही. दुर्बीण एकच असली तरी चालेल, ८ बाय ४२ ची घे, जास्त ताकदीची मुलांच्या हातात हलते.

गोचिडीसाठी पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, गाईडला सांगायचं. माकडतापाचा जोर डिसेंबरपासून पुढे असतो, तरी काळजी घ्यावीच.


मधुरा_शहापूर (अकरा दिवसांनी)

जाऊन आलो!

वाघ नाही, बिबट्या नाही. पहिला तास गव्यांचं शेण सोडून काही नव्हतं, आणि आमचे हे माझ्याकडे बघत होते. मग धाकटीनंच वर बोट केलं, "आई, घरटं." शेकरू घरट्याबाहेर आलं, फांदीवर आडवं पडून शेपूट खाली सोडलं आणि तसंच राहिलं. दहा मिनिटं. आमचे हे शेवटी म्हणाले, चालकाला सांगू नको पुढे जायला.

सांबराचा "ढँक" ऐकला. अंगावर काटा आला. थांबलो, काही आलं नाही, खरं ती पाच मिनिटं मुलं श्वास घ्यायची विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी दगडावर मुलाला एक लेंडी दिसली. काळपट, पातळ, नुसते माशाचे खवले आणि बारीक काटे. वास मासळी बाजाराचा. तिथेच ओल्या वाळूत ठसे, पाच बोटांचे, बोटांच्या मध्ये पडदा असल्यासारखे. त्यानं वहीत काढून घेतलंय. गाईड तेव्हा बरोबर नव्हता. कशाची असेल?


गुरुजी_नंदगड

उदाची. पाणमांजर म्हणतात पुस्तकात. काळीत आहेत ती, कळपानं मासे धरतात. खवले चमकत होते ना? मग रात्रीचीच असणार.

मुलाला सांगा, दगड तोच लक्षात ठेव. उदं एकाच दगडावर पुन्हापुन्हा येतात.


जांबोटीकर

आमच्या ओढ्याला पण होती उदं, मी लहान असताना. शीळ घालायची. मधुरा वहिनी, पोराला घेऊन या एकदा आमच्याकडं, भात कापून झालं की. दगड अजून तिथंच आहे.